शाळेतलं मोफत जेवण आणि पथ्याचं ताट : चूक नेमकी कुठे होते?

आहारवही

मोफत शालेय जेवणात पथ्याच्या मुलांचा विषय निघाला की गाडी लगेच पाककृतींवर जाते. दूध नको तर काय, गहू नको तर काय. पण पाककृती हा यातला सोपा भाग. अवघड काम वेगळंच आहे: पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला अर्जावर लिहिलेली एक ओळ रोज दुपारी नेमक्या त्याच मुलाच्या ताटात उतरवायची. आणि 'त्याला घरून डबा आणायला सांगा' हे उत्तर इथे चालत नाही. ज्या मुलाला हे जेवण सर्वांत जास्त लागतं, त्यालाच ते नाकारल्यासारखं होतं.

म्हणून सुरुवात अर्जापासून. 'दूध चालत नाही' एवढंच लिहिलेला अर्ज स्वयंपाकघराच्या काहीच कामाचा नाही. मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही, घरात दूध वर्ज्य आहे की त्याला साय आवडत नाही? चारही बाबतींत अर्जावर तीच ओळ येते आणि चारही ताटं वेगळी असतात. अर्जात निदान एवढं हवं:

१. नेमका कोणता घटक, आणि तो खाल्ल्यावर काय होतं.
२. थोडाही चालत नाही, की ठरावीक मात्रेपर्यंत चालतो. शिजवलेल्या, भाजलेल्या रूपात चालतो का?
३. त्याच्या जागी काय चालतं. हा रकाना नेहमी कोरा येतो, आणि खरं तर तोच सर्वांत उपयोगी.
४. चुकून खाल्लं गेलं तर काय करायचं, औषध कुठे ठेवलं आहे.

अमेरिकेच्या शालेय भोजन योजनेत अपंगत्वात मोडणाऱ्या पथ्यासाठी जे वैद्यकीय निवेदन लागतं, त्यात साधारण हेच अपेक्षित आहे: अडचण काय, काय टाळायचं, बदल्यात काय द्यायचं. अशा बदलासाठी मुलाकडून जादा पैसे घेता येत नाहीत.

यादी हाती आली की तिचे गट पाडा, पण पदार्थावरून नाही, चुकीच्या परिणामावरून. मिनिटांत जिवावर बेतणारं (ॲलर्जी), तासांत त्रास देणारं (टाइप १ मधुमेह, लॅक्टोज), महिनोन्‌महिने आतून नुकसान करणारं (सीलिअक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला होणारी इजा; पीकेयू, म्हणजे प्रथिनांतला एक घटक शरीराला न पेलणारा जन्मजात विकार; मूत्रपिंडाचे विकार) आणि मन दुखावणारं (श्रद्धा, शाकाहार). चारही पाळायचेच आहेत. पण दक्षता कुठे किती लावायची, हे या क्रमावरून कळतं.

चूलप्रमुख

गट पाडणं ठीक. त्याच्या आधी मेन्यूच असा आखा, की वेगळी ताटं कमीत कमी लागतील.

समजा ४०० ताटं आहेत. शाकाहारी ६०, दूध न चालणारे १२, अंडं न चालणारे ६, शेंगदाणा किंवा तीळ न चालणारे ५, ग्लूटेन न चालणारे ४. प्रत्येक गटाला वेगळा पदार्थ म्हटलं तर पाच जादा पातेली झाली. दोन आठवड्यांत स्वयंपाकघर हात टेकतं.

त्याऐवजी मूळ पातेलं कोरं ठेवा. तांदूळ, एखादी डाळ, भाजी, तेल, मीठ. त्यात दूध, अंडं, गहू, दाणे, तीळ, मांस यांतलं काहीही नाही. हे सगळं 'वरची भर' म्हणून वेगळ्या भांड्यात, वाढपाच्या रांगेत शेवटी. वरच्या ८७ पैकी बहुतेकांचं ताट इतरांसारखंच होतं, फक्त शेवटची पळी वगळायची. उरतात दोन-तीन घटक एकदम टाळणारी, वजन करून खाणारी किंवा प्रथिनं मोजून खाणारी मुलं. त्यांचीच ताटं वेगळी.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला: भरीची पळी मूळ पातेल्यात जाते. घाईत हमखास. म्हणून भर रांगेच्या अगदी शेवटी ठेवा, मूळ पातेल्याच्या शेजारी कधीच नको, आणि तिची पळी वेगळ्या रंगाची असू द्या.

दुसरा: भर वगळली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. त्याच्या जागी फळ दिलं तर केळ्यातून जेमतेम १ ग्रॅम मिळतं. मुलाच्या हातात काहीतरी पडलं, पण पोषण गेलं. ६ ग्रॅमच हवे असतील तर साधारण २५ ग्रॅम कोरड्या डाळीची जादा वाढणी लागते.

तिसरा: कोरं पातेलं सर्वांसाठी कोरं असतंच असं नाही. एखाद्या मुलाला डाळींचीच ॲलर्जी असते. त्यामुळे दरवर्षी नवी यादी आली की मूळ पातेलं पुन्हा तपासायचं. गेल्या वर्षीचं कोरं यंदाही कोरंच, असं धरून चालू नका.

वाटाणा

ग्लूटेनमुक्त चार ताटांसाठी तीच कढई नीट घासून वापरली तर चालणार नाही का? आणि 'नीट' म्हणजे किती? लहान स्वयंपाकघरात सगळंच दुहेरी ठेवणं परवडत नाही.

चूलप्रमुख

स्टीलची कढई चालते. घासायची कशी, यावर सगळं आहे.

आधी आकडा बघा. सीलिअक असलेल्या बहुतेकांना दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन निभावतं असं धरतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची ग्लूटेनमुक्त पदार्थासाठीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे अर्धा किलो ग्लूटेनमुक्त अन्न खाल्लं तरी १० मिलिग्रॅमच्या पलीकडे जात नाही. आता गव्हाच्या १ ग्रॅम पिठात ग्लूटेन ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे ग्रॅमचा आठवा भाग पीठ, बोटाच्या टोकाला चिकटतं तेवढं, दिवसाची मर्यादा संपवतं.

म्हणून:

– स्टील, काच, चरे न पडलेलं ॲल्युमिनियम: गरम पाणी, साबण, घासणी, भरपूर पाण्यात विसळणं. घासणी आणि पुसायचं फडकं वेगळं. पीठ लागलेल्या फडक्याने पुसलं तर केलेली मेहनत वाया.
– लाकडी पळी, लाटणं-पोळपाट, गाळण्या-चाळण्या, चरे पडलेलं प्लास्टिक, कापायची लाकडी फळी, टोस्टर: हे निघतच नाही. या वस्तू दुहेरीच हव्यात. सगळं मिळून एका टोपलीत मावतं. टोपलीला झाकण आणि एकच रंग. बऱ्याच ठिकाणी ॲलर्जीच्या भांड्यांना जांभळा रंग ठेवतात.
– तळणीचं तेल: गव्हाचं आवरण असलेला पदार्थ ज्यात तळला त्या तेलात दुसरं काहीही ग्लूटेनमुक्त तळायचं नाही. उष्णतेने ग्लूटेन नाहीसं होत नाही. दाण्याच्या ॲलर्जीचंही तसंच, उकळून किंवा भाजून ती जात नाही.
– शिजवायचं पाणी: आधी पास्ता किंवा शेवया उकळलेलं पाणी पुन्हा नको.
– हवेतलं पीठ: चाळताना उडालेलं पीठ बराच वेळ तरंगतं आणि उघड्या भांड्यांवर बसतं. म्हणून पथ्याचा स्वयंपाक दिवसातला पहिला, पिठाचं पोतं उघडण्याआधी.

आहारवही

हा शेवटचा सल्ला बरोबर आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. पथ्याचं ताट सकाळी आधी शिजतं आणि दुपारी सर्वांबरोबर वाढलं जातं. मधले तीन तास ते कोपऱ्यात कोमट होत बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतू वाढायचा पट्टा, आणि शिजलेलं अन्न त्यात दोन तासांहून जास्त ठेवायचं नाही. म्हणजे ॲलर्जीपासून वाचवलेलं मूल पोटाच्या संसर्गाने आजारी पडायचं.

पातेलं मोठं असेल तर उष्णता धरून ठेवतं. चार वाढण्यांचं छोटं भांडं पाऊण तासातच निवतं. दोनच मार्ग: झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून गरम पेटीत ६० अंशांच्या वर ठेवणं, किंवा लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवणं आणि वाढायच्या आधी मधोमध ७० अंशांच्या वर जाईल असं पुन्हा गरम करणं. मधला मार्ग नाही. तापमापीची दांडीसुद्धा आधी पथ्याच्या डब्यात, मग इतरांच्या. उलट केलं तर तिच्यावरूनच घटक पोचतो.

शंकासुर

सगळं मान्य. पण दोन स्वयंपाकी आणि एक मदतनीस असलेल्या ठिकाणी तापमापी, जांभळ्या पळ्या, गरम पेट्या... कागदावर छान दिसतं. यातलं काय सोडलं तर चालेल?

चूलप्रमुख

गरम पेटी सोडा, वेळ बदला. पथ्याचं सकाळी आधी चिरून, मोजून, झाकून ठेवा आणि वेगळ्या शेगडीवर शेवटी शिजवा. तापमापी स्वस्तात मिळते, ती सोडू नका. दुहेरी वस्तूंत फक्त पळी, चाळणी, फळी आणि घासणी ठेवा. पण ताटावरची चिठ्ठी आणि वाढपाच्या खिडकीतली खूण कुठल्याही परिस्थितीत सोडायची नाही. ते काम फुकट होतं आणि चूक तिथेच होते.

पळीवाढ

चूलप्रमुखांच्या शेवटच्या ओळीवर जरा सविस्तर लिहितो, कारण धाग्याचं शीर्षक तेच विचारतंय.

शिजवताना चूक करणारा माणूस सहसा जाणकार असतो, त्याला यादी पाठ असते. वाढताना चूक करणारा असतो तो बदली आलेला. नेहमीची बाई रजेवर, कोणीतरी शिपाई किंवा शिक्षक पळी धरतो, समोर रांग आणि मुलांचा गलका. त्याला नावं माहीत नसतात. मूल स्वतःहून सांगेल, ही अपेक्षाही फोल. सहा-सात वर्षांचं मूल रांगेत मागे पोरं ढकलत असताना 'मला हे चालत नाही' म्हणत नाही, गुपचूप ताट पुढे करतं.

म्हणून व्यवस्था अशी असावी की बदली माणसाला काही *आठवायची* गरजच पडू नये, फक्त वाचता यावं.

पथ्याचं ताट आधीच भरून, झाकून, चिठ्ठी लावून ठेवायचं. चिठ्ठीवर: मुलाचं नाव, वर्ग, 'बिनदुधाचं, बिनअंड्याचं' असं ठळक, आजची तारीख, भरणाऱ्याची सही. चिठ्ठी झाकणावर नको, ताटाच्या कडेला. झाकणं अदलाबदल होतात, आणि चिठ्ठी बरोबर पण ताट चुकीचं असा सर्वांत वाईट प्रकार घडतो.

खिडकीच्या *आतल्या* बाजूला, वाढणाऱ्यालाच दिसेल असा तक्ता: फोटो, नाव, वर्ग, काय टाळायचं. बाहेरच्या भिंतीवर नको. मुलाचा आजार अख्ख्या शाळेला कळायचं कारण नाही.

ताट देताना दोघांनी बोलायचं. वाढणारा चिठ्ठी मोठ्याने वाचतो, 'अमुक, तिसरी ब, बिनअंड्याचं', आणि वर्गासोबत आलेले शिक्षक 'हो' म्हणतात. तीन सेकंद लागतात. शिक्षकही बदली असतील तर हजेरीला लावलेलं पथ्याचं कार्ड बघून म्हणतात. दोघंही नवीन असतील त्या दिवशी पथ्याची ताटं मुख्याध्यापक किंवा ठरवून दिलेला एक माणूस देतो. तो कोण, हे वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवायचं.

पथ्याची मुलं रांगेत पहिली घ्या. पळ्या तेव्हा स्वच्छ असतात.

आणि प्रत्येक पथ्याच्या प्रकाराची एक वाढणी जादा शिजवा. ताट सांडतं. सांडल्यावर जवळ दुसरं नसेल तर कोणीतरी कनवाळूपणे मोठ्या पातेल्यातलं वाढतं. दुसरी वाढणी मागायला आलेल्या मुलाचंही तेच. पहिलं ताट अगदी काटेकोर आणि दुसरी पळी सरळ सगळ्यांच्या पातेल्यातून.

लेबलवाचक

यात एक दुवा सुटतोय: कोठी. पाककृती तीच, स्वयंपाकी तोच, पण पुरवठादाराने या खेपेला दुसऱ्या कारखान्याचा मसाला पाठवला. पथ्याचं ताट तिथेच फसतं.

ग्लूटेन लपायच्या जागा: भर म्हणून पीठ घातलेले मिश्र मसाले, पुडीतला हिंग (बहुधा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो), सोया सॉस, सूपची पूड, बार्लीचं माल्ट. ओटमध्ये मुळात ग्लूटेन नसतं, पण शेतापासून गिरणीपर्यंत तो गव्हासोबत फिरतो; वेगळा प्रमाणित नसेल तर धरू नका. दुधाचं लपणं: केसिन, व्हे, दुधाची भुकटी. मार्जरीन आणि ब्रेडमध्येही असू शकतं. शाकाहारी मुलांसाठी जिलेटिन बघा, ते जनावरांपासून येतं.

लेबलवर कोणते घटक ठळक सांगायचे, हे देशागणिक बदलतं. युरोपीय संघात १४ आहेत, अमेरिकेत ९. अमेरिकेत तीळ नववा झाला, १ जानेवारी २०२३ पासून. मग गंमत अशी झाली (गंमत कसली म्हणा) की काही बेकऱ्यांनी तीळ टाळण्याची खात्री देण्यापेक्षा ब्रेडमध्ये मुद्दाम थोडे तीळ घालून तसं लेबलवर लिहायला सुरुवात केली. काल चालणारा ब्रेड आज चालेना, आणि पाकिटाचा पुढचा भाग तसाच.

म्हणून पुरवठा करारात एक वाक्य हवं: लेखी कळवल्याशिवाय ब्रँड किंवा घटक बदलायचा नाही. आणि कोठीत माल *उतरवताना* लेबल वाचायचं, शिजवताना नाही. शिजवताना वाचून बदल लक्षात आला तरी हाताशी दुसरं काही नसतं. पिशवी डब्यात रिकामी केली तर लेबल कापून डब्याला चिकटवा, नवा माल जुन्यावर ओतू नका.

'यात अमुकचा अंश असू शकतो' ही ओळ बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते. ती नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ काढू नये.

वाटाणा

दुधाबद्दल विचारायचं होतं. लॅक्टोजमुक्त दूध एकदा आणलं की १२ मुलांचा प्रश्न मिटला ना?

आहारवही

नाही! हीच गल्लत सर्वांत घातक. लॅक्टोज ही दुधातली साखर, ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनाची. लॅक्टोजमुक्त दुधात प्रथिनं जशीच्या तशी असतात. बकरीचं दूधही उपयोगाचं नाही. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना तेही बाधतं.

उलट लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाला दूध शंभर टक्के बंद करायची गरज बहुधा नसते. पुष्कळांना एका वेळी साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दूध, जेवणासोबत निभतं. दही आणि मुरलेलं चीज तर बरंच सोसतं. अर्जातला दुसरा रकाना यासाठीच आहे.

बदली पेय निवडताना पाकिटाची मागची बाजू बघा. गायीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ३.३ ग्रॅम प्रथिनं आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. कॅल्शियम घातलेलं सोया पेय याच्या जवळ जातं. तांदळाच्या पेयात प्रथिनं जवळजवळ नसतातच. आणि बारीकशी गोष्ट: वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. पाकीट दणदणीत हलवून ओता. मोठ्या भांड्यात काढून ठेवलं तर पहिल्या पोरांना नुसतं पाणचट, शेवटच्याला गाळ.

मापात_राहा

टाइप १ मधुमेहाचं कोणी लिहीना, म्हणून लिहितो. आधी गैरसमज: या मुलाला 'साखर बंद, भात बंद' असं वेगळं ताट नको असतं. बहुतेक वेळा सर्वांचंच ताट चालतं. त्याला लागतो *आकडा*. ताटात कर्बोदकं किती ग्रॅम, त्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते. स्वयंपाकघराचं काम तो आकडा खरा देणं.

शिजलेल्या भाताचा छापील आकडा १०० ग्रॅमला २८ ग्रॅम कर्बोदकं असा असतो. पण पाणी रोज कमी-जास्त होतं. म्हणून पातेल्यावरून काढा:

कोरडे तांदूळ १० किलो. त्यात कर्बोदकं साधारण ७८ टक्के, म्हणजे ७.८ किलो. शिजल्यावर पातेल्यातल्या भाताचं वजन करा (रिकाम्या पातेल्याचं वजन आधी त्याच्या बुडाला खोडून ठेवा). भात २८ किलो भरला तर १०० ग्रॅमला २७.९ ग्रॅम. आसट झाला आणि ३२ किलो भरला तर २४.४ ग्रॅम. मुलाला १५० ग्रॅम वाढला तर पहिल्या दिवशी ४२ ग्रॅम कर्बोदकं, दुसऱ्या दिवशी साडेछत्तीस. ताट दिसायला तेच, पण तान्ह्या नाही तरी लहान अंगाच्या मुलाला हा फरक जाणवतो.

डाळ, भाजी, फळ यांचंही तसंच. अर्थात रोज सगळं मोजत बसायचं नाही. प्रत्येक पदार्थाचं एकदा नीट गणित करून तक्ता करा, रोज फक्त भाताचं आणि मुलाच्या वाढणीचं वजन. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो.

दुसरी गोष्ट वेळ. जेवणाआधीचं इन्सुलिन बहुधा १०-१५ मिनिटं आधी घेतात. ते टोचल्यावर जेवण अर्धा तास लांबलं, तर साखर घसरते. म्हणून उशीर होणार असेल तर स्वयंपाकघराने वर्गाला *आधी* कळवायचं. आणि मुलाने ताट अर्धवट टाकलं तर तेही कळवायचं. इन्सुलिन पूर्ण ताटाचं घेतलेलं असतं.

थरथर, घाम, चिडचिड, रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली: १५ ग्रॅम झटपट साखर, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या किंवा मोजून पुडी केलेली साखर पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अगदी लहान मुलाला याहून कमी लागते, ते त्याच्या कागदावर असतं. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, रुग्णवाहिका.

शंकासुर

ॲलर्जीवर सोपा उपाय: शाळेत शेंगदाण्यालाच बंदी. झालं.

लेबलवाचक

दाणा कोठीतून काढणं वेगळं आणि 'ही शाळा दाणामुक्त आहे' अशी पाटी लावणं वेगळं. कोठीतून जरूर काढा, त्याच्या प्रथिनांची भरपाई डाळींनी होते. पण पाटी लावली की सगळे निर्धास्त होतात, आणि मुलांच्या खिशातून, वाढदिवसाच्या खाऊतून दाणा यायचा तो येतोच. शिवाय दूध, अंडं, तीळ, मासे यांच्या ॲलर्जीचं काय? दुधाला बंदी घालणार का?

हात धुणं जास्त कामाचं. साबण आणि पाण्याने दाण्याचं प्रथिन हातावरून निघतं. नुसत्या पाण्याने पूर्ण निघेलच असं नाही. सॅनिटायझरने तर नाहीच: तो जंतू मारतो, प्रथिन हातावर तसंच पसरवतो. टेबलंही आधी साबणाच्या पाण्याने. जेवणाआधी पथ्याच्या मुलाने आणि *जेवणानंतर बाकीच्यांनी* हात धुवायचे. दुसरा भाग सगळे विसरतात.

बसायचं म्हणाल तर ॲलर्जीच्या मुलाला एकटं कोपऱ्यात बसवू नका. टेबलाच्या टोकाला, एका बाजूला कोणी नाही आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यासारखंच सुरक्षित ताट असलेला मित्र. एवढं पुरतं.

पळीवाढ

तरीही खाल्लं गेलंच तर काय, हे स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. अंगावर पित्त, ओठ सुजणं, उलटी. त्याहून गंभीर म्हणजे घरघर, आवाज बसणं, अचानक गळून जाणं. श्वास किंवा रक्ताभिसरणाची लक्षणं दिसली की ॲड्रेनलिनचं पेन (पेनासारखं तयार इंजेक्शन), मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, गरज पडल्यास कपड्यावरूनच. मुलाच्या नावाचं जे पेन आहे तेच वापरायचं, त्याची मात्रा वजनावरून डॉक्टरांनी ठरवलेली असते. लहानांना सहसा ०.१५ मिलिग्रॅम, मोठ्यांना ०.३. मूल आडवं, पाय वर. धाप लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवत नेऊ नका. रुग्णवाहिका लगेच. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरं पेन.

ॲलर्जीची गोळी देऊन 'बघू या' म्हणत थांबणं हीच नेहमीची आणि महागात पडणारी चूक. गोळी पित्ताला चालते, श्वासाला नाही. आणि पेन मुख्याध्यापकांच्या कुलुपातल्या कपाटात असेल तर ते नसल्यातच जमा.

चुकलेलं ताट फेकू नका. झाकून, चिठ्ठीसकट फ्रिजमध्ये. डॉक्टरांना विचारायला आणि चूक शोधायला तेच लागतं.

वाटाणा

श्रद्धेच्या पथ्यालाही डॉक्टरांसारखा कागद मागायचा का?

आहारवही

मुळीच नाही. पालकांची सही पुरते. तिथे कसोटी घेत बसू नये. मात्र प्रश्न नेमके विचारावेत: मांस नको की अंडंही नको, हलाल किंवा कोशर हवं का, कांदा-लसूण-कंद चालतात का, वेगळी पळी पुरेल की वेगळं भांडंच हवं? 'शाकाहारी' या एका शब्दात प्रत्येक घर वेगळं काहीतरी धरतं. आणि मांसाच्या रश्श्यातून फोडी काढून उरलेला रस्सा 'भाजी' म्हणून वाढणं ही फसवणूक आहे. उपासाच्या काळात ताटांची संख्या आधी विचारून घ्या, नाहीतर अन्न वाया जातं.

चूलप्रमुख

दोन गट अजून राहिले, थोडक्यात.

गिळायला त्रास असलेली मुलं. यांना घटक नाही, पोत बदलून हवा. 'मऊ करून द्या' हे माप नव्हे. आयडीडीएसआय नावाची ० ते ७ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, कागदावर तिची पातळी मागा. पाचव्या पातळीत मुलांसाठी कण २ मिलिमीटरपर्यंतच, सहाव्यात ८ मिलिमीटरपर्यंत. जेवायच्या काट्याने दाबून बघायचं. आणि मिक्सरमधून काढलेलं अन्न निवताना घट्ट होतं, म्हणून तपासणी वाढायच्या क्षणी.

ऑटिझम असलेली काही मुलं, ज्यांना ठरावीक तीन-चारच पदार्थ जातात. याला नखरे म्हणू नका. पदार्थ एकमेकांना न चिकटता खणांच्या ताटात द्या, आठवड्याचा मेन्यू आधी दाखवा, ओळखीचा एक पदार्थ रोज असू द्या. इतकंच.

शंकासुर

सहल, स्नेहसंमेलन, कोणाचा वाढदिवस? त्या दिवशी तुमची खिडकी, तक्ता, चिठ्ठी यांतलं काहीच नसतं.

पळीवाढ

म्हणून त्या दिवशी चिठ्ठी लावलेला बंद डबा आणि औषधाची पिशवी एकाच माणसाच्या हातात, आणि तो मुलाच्याच गाडीत. मागच्या गाडीत नको. वाढदिवसाला खाण्याऐवजी पेन्सिली. शिक्षकांना पटवणं अवघड जातं, पण जमतं.

आहारवही

एक मुद्दा राहिला. पथ्य कायमचं नसतं. दूध-अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते. काहींना भाजलेल्या केकमधलं अंडं चालू लागतं आणि उकडलेलं चालत नाही. मूल येऊन सांगतं, 'आता मला चालतं', पालकही फाटकापाशी तसंच म्हणतात. त्यावर ताट बदलायचं नाही. पथ्य लावायला जो कागद लागला, तोच उठवायलाही लागतो. नेमकं काय आणि कोणत्या रूपात चालतं, ते त्यावर लिहिलेलं हवं. कागद आला की खिडकीतला तक्ता, हजेरीचं कार्ड आणि स्वयंपाकघराची यादी तिन्ही एकाच दिवशी बदलायच्या. दोन बदलल्या आणि तिसरी राहिली, तर बदली माणूस नेमकी तिसरीच वाचतो.

वाटाणा

अर्जात 'पुढची तपासणी कधी' असा पाचवा रकाना घालतो मग. आणि तिन्ही याद्यांवर तारीख.

आहारवही

तारखेसोबत सहीही घ्या. एकाच माणसाची, तिन्हींवर.